उपाशी कान

सोमवारी सलून बंद असतं. म्हणजे शटर अर्ध्यावर ओढलेलं असतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आतले फक्त पाय दिसतात. आत तीन फिरत्या खुर्च्यांवर तीन माणसं आरशाकडं तोंड करून बसलेली असतात. केस कापून घ्यायला नव्हे. त्यांपैकी एकाच्या डोक्यावर तर कात्रीला दाखवण्यापुरतेही केस उरलेले नाहीत. ही माणसं ऐकलेल्या मैफलींबद्दल बोलायला जमतात, आणि आरशातूनच एकमेकांशी बोलतात. खुर्च्या समोरासमोर फिरवता येतात, पण फिरवल्या की सलूनवाल्याला आपण कामावर आहोत असं वाटायला लागतं आणि त्याचा हात आपोआप कंगव्याकडं जातो. म्हणून खुर्च्या आरशाकडंच ठेवायच्या असा ठराव झालेला आहे.

पहिल्या खुर्चीत खुद्द सलूनवाला बसतो. आपल्याच दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर पाय लांब करून बसणं ही त्याची आठवड्याची चैन. मधल्या खुर्चीत भूगोलाच्या बाई. शाळा सुटून त्यांना बरीच वर्षं झाली, पण समोरचा माणूस मागच्या बाकावर बसून काहीतरी लपवतो आहे हा त्यांचा समज काही सुटलेला नाही. तिसऱ्या खुर्चीत काठीवाले. केस नसलेले ते हेच.

काठीवाले लंगडत नाहीत. ही गोष्ट ते कित्येक वर्षं बसमध्ये सांगत आले आहेत. काठी पाहून लोक उठून जागा देतात, आणि जागा मिळाल्यावर 'मी चांगला धडधाकट आहे' असं सांगणारा माणूस फार संशयास्पद दिसतो. ती काठी चालण्याची नाहीच, ऐकण्याची आहे. कमरेच्या वर येणारी पोलादी सळई, आणि वरच्या टोकाला कानाला लावायचा लाकडी पेला. काठीवाले शहराच्या पाणीखात्यात गळती शोधण्याचं काम करतात. पहाटे रस्ते रिकामे असताना सळई जमिनीवर टेकवायची, पेल्याला कान लावायचा आणि उभं राहायचं. खालच्या पाइपला कुठं चीर गेली असेल तर बारीक 'सूं' असा आवाज येतो. जिथं तो सगळ्यात स्पष्ट, तिथं खडूनं फुली मारायची. मग मुकादम टोळी घेऊन येतो आणि फुलीवर खणतो. फुली चुकली तर चांगला रस्ता फुकट खणला जातो आणि लोक पाणीखात्याच्या आईवडिलांची आठवण काढतात. काठीवाल्यांची फुली चुकत नसे. निदान सगळे तसं म्हणत, आणि ज्याच्याबद्दल सगळे एकच गोष्ट म्हणतात असा त्या खात्यात दुसरा कुणी नव्हता.

सोमवारच्या बैठकीचे नियम साधे होते. जिथं आपण स्वतः हजर होतो त्याच मैफलीबद्दल बोलायचं. रेडिओ, रेकॉर्ड, मोबाइल, शेजाऱ्याची भिंत, हे काही धरायचं नाही. 'छान झालं' असं म्हणायला बंदी. 'अप्रतिम' म्हणणाऱ्यानं पुढच्या खेपेचा चहा करायचा. आणि सांगायची ती एकच गोष्ट, जी आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल अशी.

सलूनवाला सांगे, "मी खांबामागं उभा होतो. मला पियानोवाल्याचा फक्त डावा हात दिसला. उजवाही होता म्हणतात, पण ऐकीव गोष्ट मी सांगणार नाही."

बाई सांगत, "मैदानावर व्हायोलिन होतं. वारा पश्चिमेकडून. मी बसले पश्चिमेला. म्हणजे निम्मे सूर माझ्याकडं आलेच नाहीत, ते पूर्वेकडच्यांना मिळाले. ती माणसं मला अजून भेटलेली नाहीत. भेटली की दोघांची मिळून एक मैफल होईल."

काठीवाल्यांच्या गोष्टी सगळ्यांत आवडीच्या. "तार तुटली तेव्हा व्हायोलिनवाल्यानं आधी तारेकडं नाही पाहिलं. पहिल्या रांगेतल्या बायकोकडं पाहिलं." एवढंच ते सांगत, आणि उरलेल्या दोघांना ती मैफल नव्यानं पाहिल्यासारखं होई.

या बैठकीचा आणखी एक रिवाज होता आणि तो सलूनवाल्याच्या डोक्यातून निघाला होता. मैफलीच्या आधी कान उपाशी ठेवायचे. "भरल्या पोटी जेवण लागतं का?" तो विचारे. "मग रस्त्यावरचे हॉर्न, मिक्सर, बातम्या, हे सगळं कानात कोंबून गाण्याला गेलं तर गाणं कसं लागणार?" त्यासाठी सलूनमधला कापसाचा डबा सगळ्यांना खुला होता. मैफलीच्या आदल्या दिवशी दोन्ही कानांत बोळे घालायचे आणि सभागृहाच्या दारात काढायचे. पहिला सूर कोऱ्या कानावर पडला पाहिजे.

बाई हा उपास अर्धाच दिवस करत, कारण कापूस घालून बाजारात गेलं की भाजीवाला भाव काय सांगतो ते कळत नाही. सलूनवाल्याला तर स्वतःचाच रिवाज परवडत नसे. "गिऱ्हाईक म्हणालं मागून बारीक कर, आणि मी सगळंच बारीक केलं, तर?" खरा उपास करायचे ते एकटे काठीवाले. मैफल ठरली की ते अख्खा आठवडा कापूस घालून असत. कामाच्या वेळी काढायचे, काम संपलं की पुन्हा घालायचे. घट्ट बसावा म्हणून करंगळीनं आत ढकलायचे.

"कानात कापूस आणि तोंडावर हसू," त्यांची बायको म्हणे. "घरात नवरा आहे की नवऱ्याचा फोटो?"

काठीवाले हसत. त्यांना ते ऐकू आलेलं नसे.

*

तर झालं असं, की काठीवाल्यांना गळत्या फार ऐकू यायला लागल्या.

आधी त्यांना बरं वाटलं. वय झालं की लोकांचे कान जातात, आपले तासले जात आहेत, असं त्यांनी मनाशी धरलं. काठी टेकवावी तिथं 'सूं'. शिंप्याच्या दुकानासमोर 'सूं', बँकेच्या पायरीशी 'सूं'. गाण्याचंही तसंच. "अलीकडं सूर फार जवळून येतो," त्यांनी एका सोमवारी सांगितलं. "गाणारा तिकडं स्टेजवर असतो आणि आवाज इथं, डोक्याच्या आत घुमतो." आरशातले दोन्ही चेहरे हेव्यानं लांब झाले. सलूनवाल्यानं तर स्वतःच्या कानावर हलकेच टिचकी मारून पाहिली.

शिंप्याच्या दुकानासमोर मुकादमानं खणलं. पाइप निघाला. पाइपाभोवतीची माती कोरडी.

"काठीवाले," मुकादम खड्ड्यातून म्हणाला, "गळतीचं सोडा, पाइपला घामसुद्धा आलेला नाही."

"थोडं डावीकडं असेल."

डावीकडं खणलं. तिकडचाही पाइप खडखडीत. शिंपी दुकानाच्या दारात उभा राहून आपल्या गिऱ्हाइकांनी आता उडी मारून यायचं का, असं विचारत होता. काठीवाल्यांनी रहदारीवर खापर फोडलं. पहाटेच्या त्या वेळी रस्त्यावर रहदारी म्हणून एक कुत्रं होतं.

बँकेच्या पायरीशीही तेच. आणि ज्या गल्लीतून ते 'इथं काही नाही' म्हणून पुढं गेले, तिथल्या एका तळघरात पाणी शिरलं.

मग एका दुपारी जेवून आडवे झाले असताना त्यांना उशीत पाणी वाहताना ऐकू आलं. ते उठले. स्वयंपाकघरातला नळ पाहिला, न्हाणीतला पाहिला, गच्चीवर जाऊन टाकी पाहिली. सगळं बंद. पुन्हा येऊन उशीवर डोकं ठेवलं. पाणी वाहतच होतं.

तेव्हा त्यांना वडील आठवले.

वडील शेवटी शेवटी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत. "नळ बंद करा रे कुणीतरी," एवढंच दिवसभर म्हणत. नळ बंदच असे. एकदा त्यांना हाताला धरून नेऊन कोरडा नळ दाखवला, तर मान हलवून म्हणाले, "मग दुसरा असेल." हळूहळू त्यांना बाकीचं काही ऐकू येईनासं झालं, फक्त तो नळ तेवढा येत राहिला. घरात कुणी विनोद केला की सगळे हसून झाल्यावर ते हसत. इतरांच्या तोंडाकडं पाहून. ते उशिरा आलेलं हसू काठीवाल्यांना अजून कधी कधी स्वतःच्या घरात दिसे.

आता ती खुर्ची आपली, असं त्यांनी समजून टाकलं. काठी गेली, मैफल गेली, सोमवार गेला. पाणीखातं एखाद्या टेबलाशी बसवेल. पण ज्याला ऐकू येत नाही त्यानं सलूनमध्ये कोणत्या तोंडानं बसायचं?

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आणि सलूनमध्ये न सांगता निभावूनही जाई. तिथं सगळ्यांची तोंडं समोर आरशात असत, लख्ख उजेडात, आणि काठीवाले त्यांच्याही नकळत ओठ वाचायला शिकले होते. घरात तशी सोय नव्हती. बायको बोले ती स्वयंपाकघरातून, पाठमोरी, फोडणीच्या आवाजात. एकदा ती किल्ली मागायला सलूनमध्ये आली आणि शटरखालून वाकून पाहते तो नवरा पोपटासारखा बोलतो आहे, प्रश्नाला प्रश्न, उत्तराला उत्तर. घरी आल्यावर ती म्हणाली, "बाहेर सगळं ऐकू येतं. मी बोलले की तेवढे बहिरे." पुरावा पूर्णपणे तिच्या बाजूनं होता.

*

त्या गायिका वयानं फार मोठ्या होत्या आणि फार क्वचित गात. त्यांची मैफल ठरली तेव्हा काठीवाल्यांनी दहा दिवस कापूस घातला. ही आपली बहुधा शेवटची मैफल, असं धरूनच ते गेले. तिसऱ्या रांगेत बसले, शेजारी बाई. सलूनवाल्याला उशीर झाला म्हणून तो पार शेवटच्या रांगेत.

काठीवाल्यांनी डोळे मिटले. गाणं त्यांना तोंडपाठ होतं. सुरुवातीला त्यांना काहीच ऐकू आलं नाही. मग हळूहळू सूर आला, तोच तो, जवळून येणारा, डोक्याच्या आत घुमणारा. त्यांना हायसं वाटलं. ते डोलू लागले. गाणं चढत गेलं, वळलं, खाली आलं, आणि शेवटी जिथं येऊन थांबायला हवं तिथं येऊन थांबलं.

डोळे उघडले तर सगळं सभागृह त्यांच्याकडं पाहत होतं.

पहिल्या रांगेतली माणसं मान वळवून पाहत होती. बाई पाहत होत्या. स्टेजवरून गायिका त्यांच्याकडं हात करून काहीतरी बोलल्या, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. काठीवाल्यांनी आधी शर्टाची बटणं चाचपली. ती जागेवर होती. मग सगळे वाजवत आहेत तर आपण का मागं राहायचं, म्हणून त्यांनीही जोरजोरात टाळ्या वाजवल्या. त्यावर टाळ्या दुप्पट झाल्या.

काय घडलं ते त्यांना पुढच्या सोमवारी आरशात कळलं.

"माईक बंद पडला हो!" सलूनवाला खुर्चीत मावत नव्हता. "गाणं सुरू होऊन दोन ओळी नाही झाल्या तर माईक गेला. लोक कुजबुजायला लागले, कुणी खोकतंय, कुणी शिट्टी मारतंय. गाणाऱ्या बाई तिकडं गाणं थांबवणार, तेवढ्यात त्यांना तिसऱ्या रांगेत हे दिसले. डोळे मिटून डोलतायत! माईक असला काय, नसला काय! म्हणून त्या गातच राहिल्या. आणि शेवटी काय म्हणाल्या?"

"त्या गृहस्थांना ऐकू येत होतं, म्हणून मी थांबले नाही," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

"काय ऐकू येत होतं! काय कान!" सलूनवाल्यानं दोन्ही हात आरशाकडं पसरले. "मी आठवडाभर प्रत्येक डोक्याला हे सांगितलंय. दाढीला आलेल्यालासुद्धा."

काठीवाल्यांनी आरशात स्वतःकडं पाहिलं. कान चांगले मोठे होते. तेवढं एक सोडलं तर त्यांच्याबद्दल आता बोलली जाणारी एकही गोष्ट खरी नव्हती.

"मला एवढं काही वाटलं नाही," ते म्हणाले.

"बघा!" सलूनवाला बाईंना म्हणाला. "वर हा नम्रपणा!"

*

सलूनचे आरसे जुने झाले होते. त्यांच्या कडांना काळे डाग पडले होते आणि त्यामुळं गिऱ्हाइकांना स्वतःच्या गालांवर डाग दिसत. सलूनवाल्यानं ते काढले. नवे यायला दोन दिवस होते, आणि मध्ये सोमवार आला.

खुर्च्या नेहमीसारख्याच होत्या. समोर आरशाऐवजी उघडी भिंत, गिलाव्याचे पोपडे आणि एक लोंबती वायर. काठीवाले तिसऱ्या खुर्चीत बसले आणि भिंतीकडं पाहू लागले. बाजूला काहीतरी पुटपुट झाली. त्यांनी मान हलवली. मागं सलूनवाला चहा करत होता. तिथूनही काहीतरी आलं. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि सावधगिरी म्हणून थोडं हसले. हसलो ते उशिरा, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

भूगोलाच्या बाईंनी त्यांच्याकडं तिरकं पाहिलं. मग स्वतः भिंतीकडं तोंड करून, अगदी नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "सलूनला आग लागली आहे."

"हो ना," काठीवाले म्हणाले. "फार वर्षांनी असं ऐकायला मिळालं."

चहाचा कप अर्ध्यात थांबला. बाई उठल्या, काठीवाल्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि वाकून त्यांच्या तोंडाकडं पाहत म्हणाल्या, "कधीपासून?"

त्या आवाजापुढं शाळेतली पोरं गृहपाठाबद्दल खरं बोलत. काठीवाले म्हणाले, "वर्ष झालं असेल. दीड."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर काय सांगणार? माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं." मग त्यांनी नळाचं सांगितलं. उशीतल्या पाण्याचं सांगितलं. शिंप्याच्या दुकानासमोरच्या खड्ड्याचं सांगितलं. सांगताना आवाज किती मोठा होतो आहे याचा अंदाज नसल्यामुळं ते बाहेरच्या फुटपाथवरही ऐकू गेलं असावं, कारण शटरखाली दोन पाय थांबले आणि पुढं गेले.

"म्हणजे त्या दिवशी माईक..." सलूनवाला समोर येऊन म्हणाला.

"माईक गेला हे मला तुम्ही सांगितलंत. मी तिथं नव्हतोच म्हणायला हवं."

"मग गात कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"कुठं?"

"माझ्या शेजारी. एका कानाला स्टेजवरचं गाणं, दुसऱ्या कानाला तुमचं. गेले वर्षभर चाललंय. तोंड मिटून घुमवता, हूं हूं हूं. मला वाटलं तल्लीन झालात. दुसऱ्याच्या तल्लीनतेला गप्प बसा कसं म्हणणार?"

काठीवाल्यांना आठवलं. तो जवळून येणारा सूर. डोक्याच्या आत घुमणारा.

"बरं गात होतो का?" त्यांनी विचारलं.

"उद्या डॉक्टरकडं जायचं," बाई म्हणाल्या. "वर्गात चर्चा नको."

*

बायको बरोबर गेली. डॉक्टर जे सांगेल ते निदान एकाला तरी ऐकू यायला हवं, असं तिचं म्हणणं होतं. दवाखान्यात बसल्यावर तिनं नवऱ्याची बाही धरली आणि ती आत बोलावेपर्यंत सोडली नाही.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा दिवा लावला, उजव्या कानात पाहिलं, दिवा पुसला, पुन्हा पाहिलं.

"यांच्या कानात कापूस आहे," त्या म्हणाल्या.

"आज नाही घातला," बायको म्हणाली.

"आजचा नाहीये हा."

त्यांनी बारीक चिमटा आत घातला आणि एक काळपट बोळा बाहेर काढून स्टीलच्या बशीत ठेवला. मग दुसरा. काठीवाल्यांनी चष्मा लावून बशीत वाकून पाहिलं.

"हा ढोलवाल्यांच्या मैफलीचा असेल," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडं पाहिलं. बायकोनं कानांच्या उपासाचं सगळं सांगितलं. सांगताना असं काही मी जन्मात सांगेन असं वाटलं नव्हतं, अशा चेहऱ्यानं सांगितलं. तोवर तिसरा बोळा निघाला, तो काठीवाल्यांनी वाद्यवृंदाच्या खात्यात टाकला. डाव्या कानात दोन निघाले. आणि त्यांच्यामागं, करंगळीनं ढकलून ढकलून ठासलेला, दगडासारखा झालेला मळ.

मग कोमट पाण्याची पिचकारी. ज्या माणसानं जन्मभर शहराचे पाइप तपासले त्याच्या स्वतःच्या पाइपातून काय निघालं, ते इथं सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. बायकोनं तोंड फिरवलं एवढं पुरे.

आणि मग एकदम जग आलं. पंख्याचं कुरकुरणं आलं. बशीत चिमटा पडला तो केवढ्यानं! बाहेर कुणीतरी कागद चुरगाळला, काठीवाल्यांची स्वतःची बाही खुर्चीला घासली, आणि मागून, भिंतीकडं तोंड करून अगदी हळू बोललेलं आलं:

"सगळं बरं आहे ना हो?"

"बरं आहे," काठीवाले म्हणाले. बायको गर्रकन वळली. तिनं ते त्यांना विचारलंच नव्हतं, डॉक्टरलाही नव्हतं. नुसतंच म्हटलं होतं.

तपासणी झाली. वयामुळं वरचे बारीक आवाज थोडे कमी झालेत, ते सगळ्यांचेच होतात, बाकी कान शाबूत. कान बुजले की माणसाला बाहेरचं कमी आणि स्वतःचं जास्त ऐकू येतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. स्वतःचं गुणगुणणं, स्वतःचं रक्त वाहणं. तेच तुमचं पाणी.

काठीवाल्यांनी वडिलांच्या नळाचं विचारलं.

"कान न पाहता मी काय सांगू? तसंच असेल, किंवा नसेल," त्या म्हणाल्या. "त्यांचे कान कुणी पाहिले होते?"

कुणी पाहिले नव्हते. कोरडा नळ मात्र सगळ्यांनी पाहिला होता.

घरी येताना बसमध्ये काठी नव्हती, म्हणून कुणी जागा दिली नाही. दोघं उभी राहिली. बऱ्याच वेळानं बायको म्हणाली, "मला वाटलं, मुद्दाम करता."

"काय?"

"ऐकत नाही ते."

काठीवाल्यांनी तिच्याकडं पाहिलं. गाडीच्या आवाजात, लोकांच्या गलक्यात, त्यांना तिचा शब्द न् शब्द कळत होता, आणि त्यांना रडू येईल की काय असं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि मी स्वयंपाकघरातून जे काय बोलायचे, त्यातलं काहीच पोचलं नाही?"

"काहीच नाही."

"अगदी काहीच?"

"शप्पथ."

तिनं सुस्कारा सोडला. पाठीवरची दोन ओझी एकदम उतरल्यासारखा. "आता जपून बोलावं लागणार," ती म्हणाली.

*

पुढच्या सोमवारी नवे आरसे होते, इतके स्वच्छ की तिघांनाही आपलं वय कळलं. भूगोलाच्या बाईही कान दाखवून आल्या होत्या. "एकच निघाला," त्यांनी जाहीर केलं. "पण जुना होता." कापसाचा डबा वरच्या फळीवर गेला होता, ब्लेडच्या खोक्यांमागं.

काठीवाल्यांनी घसा खाकरला. "ती मैफल माझ्या नावावरून काढा. मी हजर नव्हतो."

"असं कसं!" सलूनवाला म्हणाला. "मी सगळ्या पेठेला सांगितलंय. आणि ऐका माझं. मी शेवटच्या रांगेत होतो. यांना डोलताना पाहून लोक चूप झाले, गाणाऱ्या बाई गात राहिल्या, आणि माईकशिवाय तो आवाज माझ्यापर्यंत आला. असं मी कधी ऐकलं नव्हतं. यांना ऐकू आलं नाही म्हणून मला ऐकू आलं. आता ही मैफल कुणाच्या नावावर घालायची?"

बाईंनी विचार केला. "तुझ्या," त्या म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. आणि काठीवाल्यांची पाटी कोरी. सांगा काठीवाले, नवं काय ऐकलंत?"

नवीन मैफल झालीच नव्हती. काठीवाले बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरत राहिले. मग म्हणाले, "पहाटे शिंप्याच्या दुकानापाशी गेलो. काठी टेकवली. कान लावला. काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच. अशी शांतता मी दीड वर्षात ऐकली नव्हती. मी तिथंच उभा राहिलो. मुकादमाला वाटलं झोपलो. मग पुढं गेलो, शाळेच्या फाटकाशी टेकवली." त्यांनी आवाज खाली आणला. आरशातली दोन्ही डोकी पुढं झुकली. "आधी वाटलं नाहीच. मग अगदी खोलातून, केसाएवढा. सूं. मध्येच बारीक व्हायचा, पुन्हा भरायचा. आणि डोक्यात नव्हता. खाली होता, जिथं असायला हवा तिथं. मुकादम म्हणतो, नक्की ना? मागच्या वेळेसारखं नको. मी म्हटलं, थांब जरा, पूर्ण होऊ दे."

"मग?"

"मग फुली मारली. खणलं. दुसऱ्याच घावाला कारंजं. मुकादम छातीपर्यंत भिजला."

कुणी 'छान' म्हणालं नाही. नियमच होता. बाईंनी आरशातून त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. सलूनवाल्यानं पाय खाली घेतले, चेहरा गंभीर केला आणि जाणकारानं विचारावं तसं विचारलं:

"साथीला कोण होतं?"

"मुकादम," काठीवाले म्हणाले. "कुदळीवर."

आणि ते हसले. तिघंही हसले, काठीवाले सगळ्यांत आधी.